गाढव पॉलिसीत बसत नाही

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (एक गुडघा सुजला असल्यामुळे आठांपैकी एक-दोन अंगं सध्या रजेवर आहेत. उरलेल्यांचा स्वीकार व्हावा.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनींची पाठ काय म्हणते? मुलांच्या परीक्षा आटोपल्या असतील. इकडे सगळे ठीक आहेत, आत्यासुद्धा ठीक आहे, आणि 'आत्यासुद्धा' असं मी वेगळं का लिहिलं हा प्रश्न मनात आला असेल तर तो जरा बाजूला ठेव, मी ओघाने तिथे येणारच आहे. आत्याला घेऊन निघताना तू मला बजावलं होतंस, 'आईला जपून ने, जपून आण.' नेताना मी तिला अतिशय जपून नेलं. हे आधीच नमूद करतो.

सुरुवात विम्यापासून करावी लागेल, कारण विमा समजल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही. मला स्वतःला तो समजला सगळं होऊन गेल्यावर. आमच्या दुकानात चष्म्याची दांडी बसवून घ्यायला एक विमा एजंट येतो. बोलताना तो सारखी मान डोलवतो, म्हणूनच दांडी ढिली होते असं माझं निदान आहे, आणि म्हणून आम्ही त्याला मानडोले म्हणतो. आत्याबरोबर प्रवासाला जाणार असं मी बोलून गेलो आणि त्याने पॉलिसी काढली. मी विचारलं, सामान हरवलं तर? मान डोलली. आजारी पडलो तर? डोलली. विमानाला उशीर झाला तर? इतकी डोलली की चष्मा थेट काउंटरवर पडला. मी त्याची दांडी फुकट बसवून दिली आणि त्याने मला पॉलिसी विकत दिली. या व्यवहारात शहाणा कोण हे तूच ठरव.

पॉलिसी म्हणजे मला एखादा कागद वाटला होता. हातात आलं ते पुस्तक. अक्षर असं की मुंगीलासुद्धा चष्मा लागावा. ते बघून मला वाचायची नाही, धंद्याचीच बुद्धी झाली. जवळचं दिसतं का हे तपासायला आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात एक छापील कार्ड देतो, ते मळकट झालं होतं. मी त्याच्या जागी पॉलिसीतलं 'वगळलेल्या बाबी' हे प्रकरण ठेवलं. प्रवासाला निघेपर्यंत आमच्या रस्त्यावरच्या, चाळिशी उलटलेल्या यच्चयावत मंडळींनी ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं. एक निवृत्त मास्तर तर नवी काच घातल्यावर म्हणाले, "अक्षर आता स्वच्छ दिसतंय, पण अर्थ अजून धूसर आहे. त्याला कुठला नंबर?" मी मनापासून हसलो. म्हणजे बघ, ज्या कलमांनी पुढे माझी भंबेरी उडवली ती मी कित्येक वेळा ऐकली होती. पण माणूस काय वाचतोय याकडे माझं लक्षच नव्हतं, तो कुठे अडखळतोय एवढंच मी बघत होतो. (धंद्याची सवय. नाव ठेवू नकोस.)

आत्याची गोष्ट वेगळी. 'आधीपासूनचे आजार' या रकान्यापाशी मानडोले म्हणाला, कोरं सोडा, असलं कोणी लिहीत नाही. तुझ्या आईचा जन्म कोर्टात लघुलेखिका म्हणून गेला. साक्षीदार जे बोलेल ते शब्दन्‌शब्द उतरवायचं, पदरचं घालायचं नाही आणि त्यातलं गाळायचं नाही. तिच्यासमोर हा माणूस 'कोरं सोडा' म्हणाला! तिने रक्तदाब लिहिला. लहानपणीचा गोवर लिहिला. डाव्या कानात अधूनमधून शिट्टी वाजते तीही लिहिली. आणि 'इतर जोखीम' असा रकाना होता त्यात 'सोबत भाचा आहे' असं लिहिलं. मानडोलेची मान आयुष्यात पहिल्यांदा स्थिर झालेली मी पाहिली.

आता जायचं कुठे, तर त्या बेटावर. तुला तो जहाजाचा खटला आठवत असेल, आत्या जेवताना त्याच्याबद्दल बोलायची. जहाज खडकावर आपटलं होतं आणि कप्तानाचं म्हणणं असं की दीपस्तंभाचा दिवा समुद्राच्या एका बाजूने दिसतच नाही, मधे एक उंच सुळका आडवा येतो. समोरचा वकील हसला, बाकीचे हसले, कप्तान हरला. आत्याने त्याची सगळी साक्ष उतरवून घेतली होती, आणि तो सुळका खरंच आहे का हे एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं असं तेव्हापासून तिच्या मनात होतं. दुसऱ्या कोणाच्या आईला निवृत्तीनंतर बाग करावीशी वाटली असती.

तर निघालो. विमानतळावर कळलं की विमानाला उशीर आहे. बाकीचे प्रवासी चडफडत होते आणि मी आतून खूश, कारण मानडोलेने सांगितलं होतं, बारा तासांच्या वर उशीर झाला की भरपाई. विमान लवकर यावं म्हणून लोक देव पाण्यात घालून बसले होते आणि मी एकटाच ते येऊ नये म्हणून. बारा तास भरत आले. मी मनातल्या मनात भरपाई खर्चूनही टाकली. आणि काटा टेकायला थोडासा अवकाश असताना घोषणा झाली, प्रवाशांनी गेटवर यावं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमा काढलेले आम्ही काही जण मात्र सुतकी चेहऱ्याने उठलो. (आम्ही एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखलं.)

पुढे बोट. बोटीतून धक्क्यावर उतरलो आणि बघतो तर माझी बॅग नाही. विमा कंपनीला तत्काळ कळवावं असं पॉलिसीत लिहिलेलं आहे. फोन नंबरही पॉलिसीत लिहिलेला आहे. आणि पॉलिसी बॅगेत! आत्याला तो नंबर तोंडपाठ होता म्हणून बरं. फोनवर एक बाई आल्या, आवाज गोड, शब्द मोजके. त्यांनी विचारलं, सामान नजरेआड केलं होतं का? मी ठणकावून सांगितलं, मुळीच नाही, मी चहा आणायला गेलो तेव्हा माझी आत्या अगदी शेजारी बसली होती. त्यावर आत्याने हात पुढे करून फोन घेतला आणि म्हणाली, "शेजारी बसले होते हे खरं. पण बॅगेकडे पाठ करून. मी दीपस्तंभ बघत होते." संपलं. दावा तिथेच बुडाला. नजरेआड केलेलं सामान वगळलेल्या बाबींत येतं. (हे वाक्य आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याने माझ्यासमोर दोनदा वाचलं होतं. 'नजरेआड'पाशी तो अडखळला म्हणून मी त्याचा नंबर वाढवला.) दुसऱ्या दिवशी तीच बोट बॅग घेऊन परत आली. बोटीवरचा माणूस तिच्यावर बसून डुलक्या काढत होता, म्हणून ती दिसली नव्हती. बॅग सापडल्याचंही कंपनीला कळवायला आत्याने मला लावलं. जो दावा मुळात बुडालेला होता तो मी रीतसर मागे घेतला.

दीपस्तंभ टेकडीवर आहे आणि टेकडी चढायला पायथ्याशी गाढवं भाड्याने मिळतात. माझा गुडघा तुला माहीतच आहे. आत्या म्हणाली, मी चालत येते, तू बस. आता हे दृश्य डोळ्यांपुढे आण. सत्तरी ओलांडलेली आत्या काठी टेकत पुढे, आणि पन्नाशीचा तिचा भाचा मागून गाढवावर, पाय जमिनीला टेकू नयेत म्हणून आखडून धरलेले. उतरणाऱ्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन मी करत नाही. चढताना गाढव अतिशय सज्जन होतं. वर पोचलो. आत्या कठड्याशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली. सुळका होता, दादा. अगदी कप्तान म्हणाला होता तसा, दिव्याच्या बरोबर आडवा. माझा समज होता की ती खूश होईल. ती एवढंच म्हणाली, "त्याचं वाक्य मी बरोबर उतरवलं होतं." आणि थोड्या वेळाने, "पण वाचलं कोणी?" 

उतरायला लागलो तेव्हा ऊन कललं होतं. गाढवाने एकदा मान वर करून आभाळाकडे पाहिलं, कान ताठ केले, आणि ते सुटलं! माझ्या मते ते चौखूर उधळलं होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे मी, लगाम कुठला आणि कान कुठला हे न कळून दोन्ही धरून बसलेला. मी ओरडलो. त्यानंतर काय दिसलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. आत्याने काठी टाकून दिली आणि ती धावत सुटली. मी तिला धावताना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, तूही पाहिलं नसशील. तिने लोंबणारी दोरी पकडली, दोन-चार पावलं गाढवाबरोबर गेली, आणि एका दगडावर तिचा पाय मुडपला. गाढव मात्र वळणावरून पुढे गेलं, एका गोठ्याच्या दारात थांबलं, मला तिथल्या काटेरी झुडपात उतरवलं आणि शांतपणे चारा खायला लागलं. ते त्याचं घर होतं.

आलो बघ ओघाने. तर दादा, आत्याचा उजवा घोटा मोडला आहे. हाड नीट बसलं आहे, प्लास्टर आहे, ती आमच्याकडे आहे आणि ही तिची सगळी काळजी घेते आहे. फोनवर ती तुला 'मी निवांत बसले आहे' म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. तिला उठताच येत नाही. आता रागावायचं असेल तर इथे रागावून घे आणि मग पुढचा परिच्छेद वाच, कारण खरी गंमत तिथे आहे.

बेटावरच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याचा पाय उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, विमा आहे का? पुन्हा फोन. पुन्हा त्याच बाई. त्यांनी आत्याचा आवाज ओळखला आणि एक खोल श्वास घेतला, तो मला इकडे ऐकू आला. हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे, असं त्यांनी सांगितल्याबरोबर आत्या खाटेवर ताठ बसली. जन्मभर तिने दुसऱ्यांचं बोलणं उतरवलं, तिचं बोलणं कोणी उतरवून घेण्याची ही पहिलीच वेळ. तिने पदर सारखा केला आणि हळूहळू, विरामचिन्हांसकट बोलायला लागली.

बाई म्हणाल्या, प्राण्यावर स्वार होणं वगळलेलं आहे, धाडसी खेळांच्या यादीत, पॅराशूट आणि कुस्ती यांच्या मधे. आत्या म्हणाली, मी स्वार नव्हते, मी पायी होते. बाईंचा आवाज खुलला. पायी चालणं पॉलिसीत बसतं. मग तुम्ही चालताना पडलात? नाही, म्हणाली तुझी आई, मी गाढवाच्या मागे धावत होते. आवाज पुन्हा पडला. जाणूनबुजून धोका पत्करणं हेही वगळलेलं आहे. पानं उलटल्याचा आवाज आला. त्या भल्या बाईला मदत करायची होती, दादा, पण आत्या प्रत्येक दार तिच्या तोंडावर खरं सांगून लावून घेत होती. मग बाई एकदम म्हणाल्या, "थांबा. याला एक अपवाद आहे. माणसाचा जीव वाचवण्यासाठी धोका पत्करला असेल तर चालतं. त्या गाढवावर कोणी होतं का हो?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या खाटेवर पालथा पडलो होतो आणि एक नर्स चिमट्याने माझ्या पाठीतले आणि पाठीच्या जरा खालचे काटे काढत होती.

"होता," आत्या म्हणाली, "माझा भाचा."

"त्यांचा जीव धोक्यात होता?"

"ते मी सांगू शकत नाही. पण तो तसं म्हणत होता."

"काय म्हणत होते? शब्दशः सांगाल?"

शब्दशः! हा शब्द आणि तोही तुझ्या आईला! तिने डोळे मिटले आणि कोर्टातल्या त्या सपाट, भावनाशून्य आवाजात म्हणून दाखवलं: "अगं आत्या, वाचव. मेलो. मेलो गं. याला ब्रेक कुठे आहे. आत्या." आणि वर बाईंना म्हणाली, आता वाचून दाखवा. बाईंनी वाचून दाखवलं. 'गं' राहिला होता, तो आत्याने घालायला लावला. नर्सच्या हातातला चिमटा थरथरत होता, आणि तो दयेने थरथरत नव्हता हे मला पालथं असूनही कळलं.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण कंपनीने गाढवाच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, आमचं गाढव रोज याच वेळी घरी येतं, रस्ता हातगाडी जाईल एवढा रुंद आहे, घाबरण्यासारखं काय आहे त्यात? झालं. आता कंपनीला माझा लेखी जबाब हवा. त्या वेळी मला स्वतःला प्रामाणिकपणे काय वाटलं ते लिहून द्यायचं. आत्या म्हणाली, "खरं तेच लिही. घाबरला नसशील तर तसं लिही. माझ्या पायापायी खोटं लिहायचं नाही." मी पहिल्यांदा लिहिलं, 'परिस्थिती चिंताजनक असल्याचे माझ्या निदर्शनास आले.' आत्याने खोडलं. साक्षीदार असं बोलत नाहीत, म्हणाली. मग लिहिलं, 'गाढवाच्या वेगाबाबत मी साशंक होतो.' तेही खोडलं. शेवटी मी लिहिलं, 'मला वाटलं मी मरणार. म्हणून मी आत्याला हाक मारली.' तिने ते वाचलं आणि कागद परत दिला. काही खोडलं नाही.

एक गोष्ट मात्र मला तिथेच सुचली आणि मी ती तिला विचारली. गाढवाचा मालक माझ्या मागे दहा पावलांवर होता. दोन धट्टीकट्टी पोरं त्याहून जवळ होती. त्यांच्यापैकी कोणीही त्या गाढवाला नुसतं हटकलं असतं तरी ते थांबलं असतं. हाक मारली मी आत्यालाच, ते सोड, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण तिने का धावावं? तिला मालक दिसत नव्हता का? "दिसत होता की," ती म्हणाली, "पण हाक मला आली होती." आणि मग तिने नर्सकडे चहा मागितला. तुला हे कळवणं मला भाग वाटलं.

निकाल असा की आत्याचा दावा मंजूर झाला. दवाखाना, प्लास्टर, परतीच्या विमानात पाय पसरायला जास्तीची जागा, सगळं. शेरा आहे, 'मानवी जीव वाचवण्याच्या प्रयत्नात झालेली इजा.' माझा दावा नामंजूर. माझा गुडघा, माझे काटे, माझी फाटलेली विजार, यातलं काहीही बसत नाही, कारण आत्याच्याच जबानीप्रमाणे मी प्राण्यावर स्वार होतो. जी धावली ती पॉलिसीत, ज्याच्यासाठी धावली तो बाहेर. मानडोलेला हे सांगितलं तर त्याने मान डोलवली आणि चष्मा पुढे केला, दांडी ढिली झाली आहे म्हणून. या खेपेला मी पैसे घेतले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र लांबलं, पण मुद्द्याचं आधी सांगितलं असतं तर तू बाकीचं वाचलं नसतंस.

तुझा (अजून कुशीवर झोपणारा) धाकटा मामेभाऊ

ता. क. आत्याने कंपनीकडून त्या ध्वनिमुद्रणाची प्रत मागवली आहे आणि तुझा पत्ता दिला आहे. ती पोचली की ऐकायची तर तू एकट्याने ऐक. मुलांना ऐकवू नकोस. माझा काका म्हणून काही मान आहे, निदान तुझ्याकडे तरी तो असावा.

ता. क. दोन. पत्र पाकिटात घालण्याआधी आत्याने वाचायला मागितलं. पुढचं तिच्या हातचं आहे: 'वरील मजकूर वाचला. गाढव उधळलं नव्हतं, भरभर चालत होतं. मी जबानीत ते पळालं असं कुठेही म्हटलेलं नाही. दगड होता. बाकी ठीक. आई.'

ता. क. तीन. हे पाकीट पुन्हा उघडून लिहितो आहे. प्लास्टर निघालं की आत्याला एक धबधबा बघायला जायचं आहे (दुसरा खटला, जमिनीच्या हद्दीचा). त्याच्या पॉलिसीचा अर्ज मानडोले कालच भरून घेऊन गेला आणि पुस्तक ठेवून गेला. दुसऱ्या प्रवाशाच्या जागी आत्याने माझं नाव घातलेलं नाही. तुझं घातलं आहे. तुला विचारायचं नाही असं तिने मला बजावलं आहे. विचारलं की तू काहीतरी कारण देशील, आणि ते तिला शब्दशः लक्षात राहील. म्हणून मी विचारत नाही, नुसतं कळवतो. या वेळी मात्र मी पॉलिसी वाचली आहे, भिंग लावून, पहिल्या पानापासून. प्रवास रद्द करायला कुठली कारणं चालतात ते त्यात दिलेलं आहे: मृत्यू, गंभीर आजार, राहत्या घराला आग आणि कोर्टाचं समन्स. 'कामातून सवड होत नाही' हे त्यात कुठेच नाही. मी दोनदा बघितलं.